फ्लूची गोळी विषाणूवर चालेनाशी का होते? ‘रेझिस्टन्स’ म्हणजे नेमकं काय, समजून घ्या

पावसाळा लागला की घराघरात शिंका, खोकला आणि कणकण सुरू होते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात जास्त असतो. पुढे जानेवारी ते मार्चमध्ये तो पुन्हा डोकं वर काढतो. बहुतेकांचा ताप चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. पण गरोदर बाई, लहान लेकरू, घरातले म्हातारे आजी-आजोबा, शुगरचा किंवा दम्याचा पेशंट यांच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. अशा पेशंटसाठी डॉक्टरांच्या हातात एक महत्त्वाचं औषध आहे. त्याचं नाव ओसेल्टामिविर. लोक त्याला ‘टॅमिफ्लू’ किंवा सरळ ‘स्वाइन फ्लूची गोळी’ म्हणतात. फ्लूविर, अँटिफ्लू अशा नावांनीही ती मिळते.

ही गोळी आज चांगलं काम करते. पण २००८ च्या सुमारास फ्लूच्या एका प्रकारावर ती वर्षभरात जवळपास निकामी झाली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी फ्लूचं दुसरं एक जुनं औषध कायमचं हातचं गेलं. असं का होतं, पुन्हा होऊ शकतं का आणि गावात राहणाऱ्या माणसानं यातून काय घ्यायचं, ते सोप्या भाषेत पाहू.

गोळी काम कशी करते?

फ्लूचा विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. तो नाकातल्या, घशातल्या पेशीत शिरतो आणि तिथं आपल्या हजारो नकला तयार करून घेतो. या नव्या विषाणूंना पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशीवर जायचं असतं. पण निघताना ते पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. ही चिकट गाठ कापायला विषाणूकडे एक कात्री असते. तिचं नाव न्यूरामिनिडेज. एच१एन१, एच३एन२ या नावांतला ‘एन’ म्हणजे हीच कात्री. ‘एच’ म्हणजे पेशीला चिकटण्याचा हूक.

ओसेल्टामिविर त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. कात्री चालत नाही, नवे विषाणू जागीच चिकटून राहतात आणि आजार पसरायचा थांबतो. गोळी विषाणूला मारत नाही, फक्त त्याची वाट अडवते. बाकीचं काम शरीराची प्रतिकारशक्ती करते.

म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत गोळी सुरू झाली तर फायदा सर्वात जास्त होतो. विषाणू फुप्फुसभर पसरल्यावर वाट अडवून फारसं हाती लागत नाही. तरीही पेशंट गंभीर असेल, दवाखान्यात दाखल असेल, तर ४८ तास उलटून गेल्यावरही डॉक्टर ही गोळी देतात.

रेझिस्टन्स माणसाला नाही, विषाणूला येतो

‘गोळ्या खाऊन खाऊन माझ्या अंगाला सवय झाली, आता लागू पडत नाहीत,’ असं गावात सर्रास ऐकू येतं. फ्लूच्या बाबतीत हे खरं नाही. बदल माणसाच्या अंगात होत नाही, विषाणूत होतो.

फ्लूचा विषाणू आपली नक्कल करताना चुका करतो. त्याच्याकडे चुका तपासून दुरुस्त करणारी यंत्रणा नाही. त्यामुळे एका पेशंटच्या अंगात तयार झालेल्या असंख्य विषाणूंमध्ये थोडे वेगळे निघालेले कितीतरी असतात. त्यातले बरेचसे कमजोर असतात आणि मरून जातात. पण एखाद्याच्या कात्रीचा आकार किंचित असा बदलतो, की गोळी त्यात बसत नाही आणि कात्री मात्र चालते. आता पेशंटनं गोळी घेतली की बाकीचे विषाणू अडतात आणि हा एकटा मोकाट सुटतो. काही दिवसांत त्याचीच पिलावळ उरते. यालाच रेझिस्टन्स म्हणतात, म्हणजे विषाणू औषधाला दाद देत नाही.

कापूस पिकवणाऱ्यांना हे नवं नाही. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची वाट लावली. बीटीच्या विषाला जुमानणाऱ्या अळ्या मरत गेल्या, न जुमानणाऱ्या थोड्या वाचल्या आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच निघाल्या. एकच कीटकनाशक सारखं फवारलं की कीड मरेनाशी होते, तसाच हा प्रकार. मात्र फ्लूची गोष्ट इथंच संपत नाही. ती पुढे वेगळं वळण घेते.

पहिला धडा: अमँटाडिन

फ्लूवरचं पहिलं औषध होतं अमँटाडिन. अमेरिकेत त्याला १९६६ मध्ये मंजुरी मिळाली. ते विषाणूच्या अंगावरच्या एका बारीक छिद्राला बूच लावायचं. त्यामुळे विषाणू पेशीत शिरला तरी त्याला आपलं सामान बाहेर काढता येत नसे. स्वस्त औषध होतं आणि बरीच वर्षं चाललं.

पण त्या छिद्राच्या रचनेत एक छोटासा बदल झाला आणि बूच बसेना. १९९०च्या दशकात असे विषाणू क्वचितच सापडत. २००३ नंतर एच३एन२ जातीत ते झपाट्यानं वाढले. २००५-०६ च्या हंगामात अमेरिकेत एच३एन२ चे २०९ नमुने तपासले गेले. त्यातले १९३ या औषधाला दाद देत नव्हते. म्हणजे शंभरात ब्याण्णव. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं डॉक्टरांना कळवलं, की फ्लूसाठी अमँटाडिन वापरू नका.

ते औषध पुन्हा कामाला आलंच नाही. आज माणसांमध्ये फिरणाऱ्या फ्लू ‘ए’च्या जवळपास सगळ्याच विषाणूंत तो बदल आहे. अमँटाडिन आता मुख्यतः कंपवाताच्या पेशंटना दिलं जातं.

नॉर्वेनं दिलेला धक्का

अमँटाडिन गेल्यावर सगळी भिस्त ओसेल्टामिविरवर आली. शास्त्रज्ञ तसे निश्चिंत होते. कारण ज्या विषाणूच्या कात्रीत बदल व्हायचा तो कमजोर पडायचा. एका माणसाच्या अंगात तयार झाला तरी दुसऱ्यापर्यंत नीट पोचायचा नाही. बैल दावं तोडून सुटला, पण लंगडा झाला, तर फार लांब जात नाही, तसं.

जानेवारी २००८ मध्ये युरोपातल्या नॉर्वे देशातून बातमी आली. तिथं एच१एन१ च्या पहिल्या १६ नमुन्यांपैकी १२ नमुने ओसेल्टामिविरला दाद देत नव्हते. कात्रीत २७५ क्रमांकाच्या जागी फक्त एक कडी बदलली होती. शास्त्रज्ञ त्या बदलाला ‘एच२७५वाय’ म्हणतात. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेत तपासलेले एच१एन१ चे नमुने सगळेच्या सगळे असे निघाले. पुढच्या हंगामात अमेरिकेतही एच१एन१ चे जवळपास सगळे नमुने तसेच होते.

खरा धक्का पुढे होता. नॉर्वेत ही गोळी फारशी वापरलीच जात नव्हती. आजारी पडलेल्या लोकांनी ती घेतलेलीही नव्हती. उलट, त्या काळी जगात सर्वात जास्त टॅमिफ्लू खाणाऱ्या जपानमध्ये त्या हंगामात असे विषाणू फार थोडे सापडले. म्हणजे बोंडअळीचा हिशेब इथं जुळत नव्हता. फवारणी एकीकडे आणि न मरणारी कीड भलतीकडे, असा प्रकार झाला.

याचं उत्तर २०१० मध्ये मिळालं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेसी ब्लूम, डेव्हिड बाल्टिमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की त्या विषाणूच्या कात्रीत आधीच आणखी दोन बदल होऊन बसले होते. या बदलांचा गोळीशी संबंध नव्हता. पण त्यामुळे कात्री इतकी दणकट झाली होती, की एच२७५वाय बदल आला तरी विषाणू लंगडा झाला नाही. तो धडधाकट राहिला आणि साध्या विषाणूइतकाच पसरत गेला. गोळी न घेणाऱ्यांमध्येही पसरला.

यातून दोन गोष्टी कळल्या. गोळीचा चुकीचा वापर रेझिस्टन्सला वाट करून देतो, हे खरंच आहे. पण कुणी काही चूक केली नाही तरी असा विषाणू उभा राहू शकतो. म्हणून जपून वापर आणि विषाणूवर सतत नजर, दोन्ही लागतं.

सुटका झाली, ती नशिबानं

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच१एन१ विषाणू आढळला. तोच पुढे स्वाइन फ्लू म्हणून जगभर पसरला. भारतात त्याचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधून लोक पुण्याच्या नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लावून उभे राहिले. ते दिवस अनेकांना आठवत असतील.

त्या मोठ्या संकटात एक गोष्ट मात्र बरी झाली. नवा विषाणू अमँटाडिनला दाद देत नव्हता, पण ओसेल्टामिविरला देत होता. त्यानं जुन्या एच१एन१ ला पार हुसकावून लावलं आणि त्याच्याबरोबर तो गोळीला न जुमानणारा विषाणूही नाहीसा झाला. गोळी पुन्हा कामाला आली. यात कुणाची हुशारी नव्हती. नवा विषाणू उलट निघाला असता, तर २००९ मध्ये डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नसतं.

आज काय परिस्थिती आहे?

सध्या माणसांमध्ये मुख्यतः तीन प्रकारचे फ्लू फिरतात. २००९ चा एच१एन१, एच३एन२ आणि ‘बी’ गटातला व्हिक्टोरिया. २००९ नंतर जगभरात तपासलेल्या नमुन्यांत ओसेल्टामिविरला दाद न देणारे विषाणू बहुतेक हंगामांत शंभरात एकापेक्षाही कमी आढळले आहेत. म्हणजे आज ही गोळी चालते. घाबरण्यासारखं काही नाही.

पण धोका संपलेला नाही. २०११ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराच्या परिसरात एच१एन१ च्या १८२ पेशंटपैकी २९ जणांत दाद न देणारा विषाणू सापडला. नमुना घेण्याआधी गोळी घेतलेला त्यांच्यात एकच होता. बाकीच्यांना तो एकमेकांकडून लागला. २०१३-१४ मध्ये जपानच्या सप्पोरो शहरात असाच गट सापडला. दोन्ही ठिकाणी तो तिथंच विरला. पण हे पुन्हा घडू शकतं, एवढं त्यातून दिसलं.

बालोक्साविर नावाचं आणखी एक औषध २०१८ मध्ये जपान आणि अमेरिकेत मंजूर झालं. ते वेगळ्या ठिकाणी घाव घालतं. विषाणूला नकलाच करू देत नाही. पण मंजुरीआधीच्या चाचणीतच, ते घेतलेल्या दहा मोठ्या माणसांपैकी साधारण एकाच्या अंगात त्याला कमी दाद देणारा विषाणू तयार झालेला दिसला. लहान मुलांत हे प्रमाण आणखी जास्त होतं. नवं औषध आलं म्हणजे प्रश्न मिटला, असं होत नाही.

फ्लूवरची औषधं मुळात मोजकीच आहेत. तोंडानं ओढायचं झॅनामिविर एच२७५वाय असलेल्या विषाणूवरही चालतं, पण दम्याच्या पेशंटना ते त्रासदायक ठरू शकतं. शिरेतून द्यायचं पेरामिविर त्या विषाणूवर कमी पडतं. तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळणारं, पोटात घ्यायचं औषध म्हणजे ओसेल्टामिविरच.

विषाणूवर नजर ठेवण्याचं काम प्रयोगशाळा करतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, त्यातली महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लूवर नजर ठेवणाऱ्या जाळ्यात ती आहे. गावातल्या दवाखान्यात विषाणूला रेझिस्टन्स आहे का, याची तपासणी होत नाही. साध्या पेशंटला तिची गरजही नसते.

मग गोळी घेऊनही ताप का उतरत नाही?

अशा वेळी ‘विषाणू बदलला’ असं लगेच म्हटलं जातं. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं.

पहिलं, तो फ्लू नसतोच. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस, सगळ्यांची सुरुवात तापानं आणि अंगदुखीनं होते. त्यावर फ्लूची गोळी काहीच करत नाही.

दुसरं, गोळी उशिरा सुरू झालेली असते. आधी दोन दिवस अंगावर काढायचं, मग मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या, मग कुठंतरी एक सलाईन लावून यायचं, यात चार-पाच दिवस निघून जातात.

तिसरं, फ्लूच्या मागोमाग जिवाणूंमुळे न्यूमोनिया झालेला असतो. त्याला वेगळी औषधं लागतात आणि ती डॉक्टरच ठरवू शकतात.

चौथं, कोर्स पुरा झालेला नसतो. या गोळीनं काहींना मळमळतं, उलटी होते, म्हणून लोक ती मधेच सोडतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो.

खरा रेझिस्टन्स बहुधा अशा पेशंटमध्ये तयार होतो, ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते. कॅन्सरचे उपचार चालू असलेले, अवयव बदललेले पेशंट यात येतात. त्यांच्या अंगात विषाणू आठवडेच्या आठवडे राहतो आणि त्याला बदलायला वेळ मिळतो. अशा घरात सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्यानं न गेलेलंच बरं.

गोळी कुणाला, कुणाला नाही?

सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या पेशंटचे तीन गट केले जातात.

‘अ’ गट: थोडा ताप, खोकला, घसा दुखणं, अंगदुखी. यांना ही गोळी लागत नाही, तपासणीही लागत नाही. घरी आराम करायचा, भरपूर पाणी प्यायचं, डॉक्टरांनी सांगितलं तर पॅरासिटामॉल घ्यायचं. एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं.

‘ब’ गट: जोराचा ताप आणि घसा खूप धरलेला. किंवा सौम्य लक्षणं असली तरी पेशंट जोखमीतला. यात गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांवरची माणसं, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे आजार किंवा एचआयव्ही असलेले येतात. जोखमीतल्या पेशंटना रिपोर्टची वाट न पाहता गोळी सुरू केली जाते. बाकीच्यांचं डॉक्टर पाहून ठरवतात.

‘क’ गट: धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळी पडणं, गुंगी येणं, बीपी उतरणं. लहान मूल असेल तर सतत ताप, दूध किंवा जेवण न घेणं, झटके येणं. यात एक तासही वाया घालवू नये. सरळ १०८ ला फोन करावा आणि मोठ्या दवाखान्यात न्यावं.

एवढं पाळा

१. चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नका. ती शेड्यूल एच-१ मधली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते आणि मेडिकलवाल्याला तिची नोंद ठेवावी लागते.

२. एकाची स्ट्रिप घरात वाटून खाऊ नका. मोठ्या माणसाचा उपचाराचा नेहमीचा कोर्स दिवसातून दोनदा, पाच दिवस असा असतो. सुनेला आणलेल्या दहा गोळ्या पाच जणांनी दोन-दोन खाल्ल्या, तर कुणालाच पुरेसा डोस मिळत नाही. कमी डोस म्हणजे विषाणूला न मारता शिकवणं. शिवाय जिला खरी गरज आहे, तिचा कोर्स अर्धवट राहतो तो वेगळाच.

३. मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या ‘असू दे घरात’ म्हणून ठेवू नका आणि शेजाऱ्याला देऊ नका. लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका.

४. अँटिबायोटिक मागू नका. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही. गरज नसताना घेतलं तर जिवाणूंनाही तीच सवय लागते.

५. फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. त्यातून मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

६. घरात जोखमीतलं माणूस असेल तर पहिल्याच दिवशी आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. काय करावं कळत नसेल तर १०४ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर विचारता येतं.

लस हा वेगळा रस्ता

लसीचं काम गोळीसारखं नसतं. ती शरीराला आधीच तयार करून ठेवते. विषाणू गोळीला दाद देतो की नाही, याचा लसीला फरक पडत नाही. पण फ्लू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी नवी घ्यावी लागते. ती घेतल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि जुन्या आजाराचे पेशंट यांनी याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

शिंकताना तोंडावर रुमाल, साबणानं हात धुणं, ताप असताना पोराला शाळेत न धाडणं, आजारी असताना बाजाराच्या आणि जत्रेच्या गर्दीत न जाणं, हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालेलं आहे. पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. विषाणू जितक्या कमी अंगांत शिरेल, तितक्या त्याच्या नकला कमी होतील आणि बदलायची संधीही त्याला कमी मिळेल.

साध्या सर्दीला ही गोळी मागायची नाही. आणि गरोदर लेक, तान्हं मूल किंवा म्हातारी आई तापानं फणफणली असेल, तर गोळी सुरू करायला तिसरा दिवस उजाडू द्यायचा नाही.